भंडारदऱ्याची सायकल फेरी

रोड बाइक असेल तर भंडारदऱ्याचा जलाशय एकदा वळसा घालून बघाच! मुंबईकरांनी सायकल घेऊन इगतपुरी गाठावं, तिथून घोटी, बारीमार्गे शेंडी. बारीत कळसूबाई (१,६४६ मीटर) अगदी डोक्यावर येते.

शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर; पुढे साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण चढउतार पाय मोडतात. घाटघरचा कोकणकडा चुकवू नका. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर तर निवांत बघायची गोष्ट. या जलाशयाचं प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं, दगडी.

भर पावसात जायची हौस अनेकांना असते. माझं मत ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आडगावात पंक्चरवाला शोधत बसू नका, जादा ट्यूब आणि पंप सोबत हवाच.