तहकुबी, सूट आणि प्राप्तिकराची तारीख

चाकूरच्या शेतकऱ्याला सरकारी देण्याविषयींचे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत : तहकुबी आणि सूट. तहकुबी म्हणजे देणें कायम, पण वसुली पुढें ढकललेली. सूट म्हणजे देण्याचा तेवढा भाग माफच. लातूर-नांदेड रस्त्यावरील या तालुक्याच्या गांवीं आतां शिक्षक, बँकेंतील कारकून, आडत दुकानदार, निवृत्त नोकर अशीं पुष्कळ घरें आहेत, आणि त्यांना शेतसाऱ्यापेक्षां प्राप्तिकराच्या तारखेची काळजी अधिक. जुलै उजाडला कीं या घरांत एकच प्रश्न निघतो. मुदत वाढणार काय? आणि ती आपोआप वाढणार नसेल, तर अर्ज करून मागतां येईल काय?

या प्रश्नाचें निम्में उत्तर शेतसाऱ्याच्या जुन्या व्यवहारांतच सांपडतें. सारा कोणा एकट्याच्या अडचणीसाठीं सहसा तहकूब होत नाहीं. गांवच्या पिकाचा अंदाज घेऊन पैसेवारी ठरते, ती पन्नास पैशांच्या आंत उतरली कीं सवलत सगळ्या गांवाला लागू होते. (आणे १९५७ सालीं चलनांतून गेले, तरी लोक अद्याप ‘आणेवारी’च म्हणतात.) १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत जो सत्याग्रह झाला त्याचा वादही नेमका हाच होता. पीक चार आण्यांच्या आंत आलें असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा मुंबई इलाख्यांतील नियम होता. नियम उभय पक्षांना मान्य. तंटा होता तो पीक किती आणे आलें याचा. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनें मराठवाडा झोडपला गेला, तेव्हांही राज्य सरकारनें जमीन महसुलाची सूट दिली ती बाधित तालुक्यांना. सवलत वरून येते, ती समूहाला येते, व ती येईल कीं नाहीं हें एकट्या खातेदाराच्या हातीं नसतें.

प्राप्तिकराची कथा प्रथम याहून निराळी होती. चाकूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानानें स्वतःचा प्राप्तिकराचा कायदा केला तो अगदीं अखेरीस, १३५७ फसलींत. आणि १ एप्रिल १९५० पासून तेथें भारतीय प्राप्तिकर लागू झाला. पुढें १९६१ चा कायदा आला. त्यांत करदात्याला एक दार उघडें होतें. वेळेवर विवरण देणें शक्य नसेल तर ठराविक नमुन्यांत प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, कारण सांगावें आणि मुदत मागून घ्यावी. अधिकारी ती देई, मात्र वाढीव काळाचें व्याज भरावें लागे. हें दार १९८७ च्या दुरुस्ती कायद्यानें बंद झालें. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून कोणाही एकट्या करदात्याला अशी आगाऊ मुदत मागतां येत नाहीं. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं जो २०२५ चा कायदा झाला, त्यानेंही तें दार पुन्हा उघडलेलें नाहीं.

तेव्हांपासून प्राप्तिकराची मुदतवाढही साऱ्याच्या तहकुबीसारखी झाली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ आदेश काढतें व तो सर्वांना, निदान एका सबंध वर्गाला, लागू होतो. पगारदारांची नेहमींची तारीख ३१ जुलै. २०२० सालीं महामारीमुळें ती टप्प्याटप्प्यानें १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षीं मात्र लोक अखेरपर्यंत वाट पाहात राहिले, व ३१ जुलै ती ३१ जुलैच राहिली. २०२५ सालीं नमुने तयार होण्यास उशीर झाल्यामुळें मंडळानें मे महिन्यांतच १५ सप्टेंबर ही तारीख जाहीर केली, आणि अखेरच्या घटकेला आणखी एकच दिवस वाढवून दिला. हा इतिहास पाहिल्यावर मुदतवाढीच्या भरंवशावर कागद बाजूला ठेवणें म्हणजे मृगाच्या भरंवशावर बियाणें विकून टाकण्यासारखें आहे. मृगही एखादे वर्षीं वेळेवर येतो.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत अशा घरांत येथें एक तुलना हमखास निघते. तेथें १५ एप्रिलच्या आंत एक साधा अर्ज केला कीं विवरणासाठीं १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. कारणही सांगावें लागत नाहीं. हें खरें आहे. पण ती वाढ कागदाला आहे, पैशाला नाहीं. कर १५ एप्रिललाच भरावयाचा. राहिलेल्या बाकीवर त्या दिवसापासून व्याज व दंड चालू होतो. कागदाची तारीख आणि पैशाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. २०२० च्या मुदतवाढींतही ज्यांची बाकी एक लाख रुपयांहून अधिक होती त्यांना व्याजाची सवलत नव्हती. विवरणाची तारीख वाढली, तरी त्यांचें व्याज मूळ तारखेपासूनच मोजलें गेलें. उलट कागद अडले पण बाकी कर मुदतींत भरला, तर भरलेल्या रकमेवर उशिराच्या विवरणाचें व्याज घेतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरविलें. म्हणून दाखले जमले नसले, तरी अंदाजानें निघणारी बाकी आधीं भरून टाकण्यांत शहाणपण आहे.

आतां उशिराची किंमत. समजा, चाकूरच्या एका शिक्षकाची बाकी नऊ हजार रुपये आहे, उत्पन्न पांच लाखांच्या वर आहे, आणि ३१ जुलै चुकवून त्यानें २० ऑक्टोबरला विवरण दिलें. व्याज दरमहा शेंकडा एक, आणि अपुरा महिना पुरा धरावयाचा. म्हणजे तीन महिन्यांचे दोनशें सत्तर रुपये. परंतु विलंबशुल्क पांच हजार! उत्पन्न पांच लाखांच्या आंत असतें तर तें एक हजार झालें असतें. ज्याचें उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे, त्याला सरकारकडून परतावा येणें असला तरी हें शुल्क चुकत नाहीं.

याहून मोठें नुकसान दिसत नाहीं, म्हणून तें अधिक वाईट. पगारदाराला जुनी करव्यवस्था हवी असेल, म्हणजे विमा, भविष्यनिर्वाह निधि, राहत्या घराच्या कर्जाचें व्याज यांच्या वजावटी घ्यावयाच्या असतील, तर ती निवड मुदतींत दिलेल्या विवरणांतच करावी लागते. तारीख गेली कीं नवी व्यवस्था आपोआप लागू होते आणि वर्षभर जमविलेल्या पावत्या पेटींत राहतात. व्यापारांत किंवा शेअरांत आलेली खोटही मुदत चुकल्यास पुढील वर्षांच्या नफ्यांतून वळती करून घेतां येत नाहीं. वर्ष वाईट गेलेला मनुष्यच बहुधा कागदांकडे पाहण्याचें टाळतो, आणि वेळेवर विवरण देण्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

एखादा दाखला यावयाचा राहिला असेल, तर हाताशीं असलेल्या खऱ्या माहितीवर मुदतींत विवरण द्यावें. चूक आढळल्यास निदान डिसेंबरअखेरपर्यंत सुधारित विवरण देतां येतें. मात्र जें उत्पन्न ठाऊक आहे तें मुद्दाम गाळणें ही चूक नव्हे, लबाडी होय. चाकूरसारख्या गांवीं नोकरीबरोबर शेतही असतें. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नसला, तरी तें पांच हजारांहून अधिक असेल तर ‘सहज’ नांवाचा सोपा नमुना चालत नाहीं, आणि इतर उत्पन्नावरील कराचा हिशेब करतांना तें विचारांत घेतलें जातें. सोयाबीन-तुरीची पट्टी म्हणून जपून ठेवावी. विवरण पाठविल्यावर तीस दिवसांत त्याची खातरजमा करणेंही अवश्य आहे; ती तीस दिवसांनंतर झाली, तर तारीख खातरजमेची धरली जाते. कित्येकांचें वेळेवर दिलेलें विवरण आधारशीं जोडलेला दूरध्वनि क्रमांक बदलल्यामुळें असें उशिराचें ठरतें.

सर्वच तारखा हुकल्या तर? घरांतील दीर्घ आजार, मृत्यु, पूर यांमुळें विवरण राहिलें व त्यामुळें परतावा बुडत असेल किंवा खोट पुढें ओढतां येत नसेल, तर विलंब माफ करण्याचा अर्ज करतां येतो. मुदत आगाऊ मागतां येत नाहीं, पण झालेल्या उशिराची क्षमा मागतां येते, असा हा चमत्कारिक न्याय आहे. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें हा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो, आणि दाव्याची रक्कम एक कोटीपर्यंत असल्यास तो प्राप्तिकर आयुक्तांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. अर्जदाराची अडचण खरी होती याची त्याला खात्री पटावी लागते. रुग्णालयाचे कागद, मृत्यूचा दाखला, पुराच्या वेळीं झालेला पंचनामा हे तेव्हां उपयोगी पडतात, आणि ते त्या त्या वेळींच मिळवून ठेवावे लागतात. अर्जाचा निकाल शक्य तों सहा महिन्यांत द्यावा, असें परिपत्रकांत म्हटलें आहे.