पोट फुगलेलं, पण दोष हृदयाच्या पिशवीत

वाशिम जिल्ह्यात पोट फुगलेला, पाय सुजलेला रुग्ण आला की संशय आधी यकृतावर आणि दारूवर जातो. अशा वेळी मानेकडे बघायलाच हवं. ताठ बसल्यावरही तिथल्या शिरा टरारलेल्या दिसल्या, तर हृदयाभोवतीच्या पिशवीसाठी इको करणं भाग आहे. या पिशवीत एरवी 15 ते 50 मिलिलिटर पाणी असतं. आपल्याकडे ते वाढण्याचं मोठं कारण टीबी. खोकला नाही, एक्स-रेत फुप्फुसं स्वच्छ, मग टीबी कसा, असं लोक विचारतात. पण फुप्फुसं निर्दोष असतानाही पिशवीला टीबी होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पक्क्या पुराव्याशिवाय सहा महिने औषधं का घ्यायची? सुईने काढलेल्या पाण्यात जंतू अनेकदा सापडतच नाहीत, म्हणून इतर कारणं तपासून वगळल्यावर औषधं सुरू करणं मला योग्य वाटतं. या औषधांसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबाबत मात्र सावध राहावं. आफ्रिकेतल्या 1400 रुग्णांच्या चाचणीत (2014) त्याने पिशवी आवळण्याचं प्रमाण घटलं, मृत्यू घटले नाहीत. एचआयव्हीबाधितांत कर्करोग वाढले. उपचार लांबले की पिशवी जाड होऊन हृदयाला जखडते आणि ती कापून काढायला मोठ्या शहरात जावं लागतं. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मानोरा असो की रिसोड, इकोची चिठ्ठी मागून घ्या.