मनी बाळसं का धरत नाही?

मांजर घरात आणतात मुलं, त्याचे लाड करतात सगळे, पण त्याच्या वाटीत काय पडतं हे पाहावं लागतं ते मात्र घरच्या बाईलाच! खरं ना? म्हणून मनी रोडावली, पाठीचा कणा हाताला लागू लागला, की ते पहिल्यांदा लक्षात येतं तुमच्याच. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, दूध वाढवा. कुणी म्हणतं, पोळीवर तूप सोडा. कुणी म्हणतं, मांजराची जातच ती, हडकुळीच असायची! मैत्रिणींनो, यांतला एकही सल्ला कामाचा नाही. मनीला बाळसं आणायचं तर थोडं वेगळं करावं लागतं. फार अवघड मात्र नाही.

चणीने बारीक की रोड?

आधी हे ठरवा. मनीच्या बरगड्यांवरून हलक्या हाताने बोटं फिरवा. तब्येत चांगली असेल तर बरगड्या हाताला लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. त्या लांबूनच मोजता येत असतील, कमरेची हाडं वर आली असतील, तर ती रोड आहे असं समजा.

आता वजन. आपल्याकडचं मोठं मांजर साधारण ३ ते ५ किलोचं असतं. पिशवीत किंवा टोपलीत बसवून प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला ते लावा, म्हणजे आकडा कळेल. टोपलीचं वजन वजा करायला विसरू नका हं! दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिता ना, तसंच दर रविवारी मनीचं वजन लिहून ठेवा. डोळ्यांना जे महिन्याने दिसतं, ते काटा आठवड्यात सांगतो.

आधी कारण, मग खाणं

भोक पडलेल्या भांड्यात कितीही पाणी ओता, ते भरणार कसं? मांजराचंही तसंच. पिल्लू खातंय भरपूर, पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ मात्र वाळलेली, असं असेल तर बहुधा जंत. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लाच्या अंगातलं रक्तसुद्धा कमी होतं. मांजर वाटीजवळ येतं, वास घेतं आणि मागे फिरतं? तोंड उघडून पाहा, दात किंवा हिरड्या दुखत असतील. दहा-बारा वर्षांचं म्हातारं मांजर अधाशासारखं खातं आणि तरी वाळतं, तेव्हा थायरॉइडची ग्रंथी वाढलेली किंवा मधुमेह असू शकतो. पाणी फार पीत असेल तर मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचाही संशय घ्यावा. आणि घरात दुसरा दांडगा बोका असेल तर उत्तर सोपं आहे: मनीच्या वाटणीचं तोच फस्त करतोय!

म्हणून खाणं बदलण्याआधी एकदा पशुवैद्यांना दाखवा. जंताचं औषध ते वजनाप्रमाणे देतील. घरातल्या गोळ्या मनाने देऊ नका. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या पिसवांवरची काही औषधंही मांजराला विषासारखी असतात.

दूध-पोळीचं काय?

बहुतेक घरांत मनीचं जेवण म्हणजे दूध-पोळी. प्रेमाने कुस्करून घातलेली! पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मग पातळ शी होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोळीने पोट भरतं, पण स्नायू भरत नाहीत.

मांजर ही वाघाची मावशी आहे, हे आपण थट्टेने म्हणतो. शरीराच्या दृष्टीने ते खरंच आहे. मांसाशिवाय तिचं चालत नाही. तिला गोड चवही कळत नाही. गोडाची चव ओळखायचं जनुकच मांजरांत निकामी असतं, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं. मांसात टॉरिन नावाचं एक द्रव्य असतं. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते मिळालं नाही तर नजर अधू होते आणि हृदय कमकुवत होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी उजेडात आणला. म्हणजे दूध-पोळीवरची मनी नुसती बारीक राहत नाही, ती आतून खंगत असते.

मग घालायचं काय?

घरात राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. रोड मांजराला मोजताना ते आज किती भरतं हे न धरता किती भरायला हवं ते धरा, आणि तिथपर्यंत हळूहळू जा.

सगळ्यात सोपं म्हणजे बाजारात मिळणारा पिल्लांचा खाऊ. मांजर मोठं असलं तरी चालेल. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात, टॉरिन घातलेलं असतं, आणि थोड्या खाण्यात जास्त शक्ती मिळते. कुत्र्याचा खाऊ मात्र देऊ नका. तो मांजराला पुरा पडत नाही.

त्याच्या जोडीला घरचं वाढता येईल. कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडा. मीठ, हळद, मसाला काही नको, कांदा-लसूण तर मुळीच नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हाडं काढून टाका, कारण शिजलेल्या हाडाची कुसळं घशात-आतड्यात रुततात. १०० ग्रॅम उकडलेल्या कोंबडीत सुमारे १५० कॅलरी, उकडलेल्या अंड्यात ७०. मासळी शिजवून, काटे काढून द्या. सुकट-बोंबील फार खारट असतात, ते रोज नकोत. कलेजी आठवड्यातून एखादा लहान तुकडा, त्याहून जास्त नाही. आणि नुसत्या कोंबडीवर महिनोन् महिने ठेवू नका. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

तूप-लोण्याचं म्हणाल, तर चमचाभर तुपाने बाळसं येत नाही, हगवण मात्र लागते!

ज्यांच्या घरात मांस चालत नाही

तुम्ही म्हणाल, आमच्या स्वयंपाकघरात हे शिजणार कसं? सासूबाई काय म्हणतील? अडचण खरी आहे आणि तिला मान द्यायला हवा. कोरडा खाऊ शिजवावा लागत नाही, त्याला ओट्यावर यायचंही कारण नाही. झाकणाचा डबा गॅलरीत ठेवा, मनीची थाळी वेगळी, धुण्याची जागा वेगळी. घरातल्यांना एवढंच शांतपणे सांगा की, देवाने तिला दिलेलं अन्न आपण तिला देतो आहोत. आपल्या जिभेचा नियम मुक्या जनावराला लावला, तर उपास तिला घडतो.

वाढायचं कसं?

एकदम ढीग वाढू नका. दिवसाचं खाणं चार-पाच वेळांत विभागा. नवा खाऊ आठ-दहा दिवसांत हळूहळू आणा: आधी पाव भाग, मग निम्मा, मग पूर्ण. फ्रीजमधलं थंडगार अन्न मांजर हुंगतही नाही. कोमट करा, म्हणजे वास सुटतो आणि भूक चाळवते. पसरट बशी घ्या. शीची पेटी तिथून लांब ठेवा. दुसरं मांजर असेल तर मनीला वेगळ्या खोलीत दार लावून जेवू द्या. तोंड उघडून कोंबू नका. घास श्वासनलिकेत जातो, आणि मांजर त्या अन्नाचाच तिटकारा करतं. रस्त्यावरून आणलेलं, अगदी अस्थिपंजर झालेलं मांजर असेल तर पहिले काही दिवस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थोडं थोडंच द्या. उपाशी शरीराला एकदम पोटभर जेवण सोसत नाही. पिल्लांना पाजणारी मनी मात्र नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाईल, तिला हात आखडू नका.

आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास वजन वाढलं तरी छान चाललंय असं समजा. बरगड्या झाकल्या की मात्र वाढप आवरा. गुबगुबीत बोकाही निरोगी नसतो.

शेवटी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माणसाला दोन दिवसांचा उपास सोसतो, मांजराला नाही. त्याने खाणं सोडलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि जीवावर बेततं. पूर्ण एक दिवस मनीने अन्नाला तोंड लावलं नाही, तर 'उद्या पाहू' म्हणू नका. टोपलीत घाला आणि दवाखाना गाठा. पिल्लू असेल तर एवढाही वेळ थांबू नका.