गोकुळधामात आपले घर कोठे?

सोयाबीनची सोंगणी चालू असली की आमच्या मंगरूळपीर तालुक्यातील वस्तीत रात्री लवकर दारे लागतात. त्यानंतरही एखाद्या घरातून हसण्याचा आवाज आला, तर तेथे बहुधा 'तारक मेहता का उल्टा चष्मा' चालू आहे असे समजावे. या मालिकेविषयी वस्तीत एकमत नाही. हे मतभेद केवळ आवडीनिवडीचे नाहीत, म्हणून त्यांचा विचार येथे करीत आहे.

तारक मेहता यांनी 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून लिहिलेल्या विनोदी सदरावर ही मालिका आधारलेली आहे. २८ जुलै २००८ रोजी ती सब वाहिनीवर सुरू झाली. तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले. पुढे 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने ती मराठीतही आली.

वस्तीतली एक मावशी म्हणते, "दिवसभर वाकून कंबर मोडते. रातच्याले घडीभर हासलं तं काय बिघडलं? तिथं मारामारी नाही, लेकरासंग बसून पाहता येते." स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा एक तरुण म्हणतो, "इतके वर्सं झाले, त्या सोसायटीत आपल्यातला एक भाडेकरू बी आला नाही." आमच्यातलेच एक निवृत्त शिक्षक दोघांनाही थांबवतात आणि विचारतात, "करमणुकीत जात कशाला शोधता?"

मी स्वतः बरीच वर्षे शिक्षकांच्या बाजूचा होतो. मग एका रात्री नातवाने विचारले, "आबा, आपण त्यायच्या बिल्डिंगमंधी राह्यलो असतो तं कोन्तं घर आपलं असतं?" मला उत्तर सुचले नाही.

गोकुळधामाला 'छोटा भारत' म्हणतात. तेथे गुजराती जेठालाल आहे, मराठी भिडे, तमिळ अय्यर, पंजाबी सोढी आणि बिहारी डॉक्टर हाथी आहेत. फाटकाजवळ अब्दुलचे दुकान आहे. म्हणजे या भारताची विभागणी प्रांताने आणि धर्माने केली आहे. जातीचा उच्चार नाही. पण उच्चार नाही म्हणून जात नाही असे होत नाही. भिडे आणि अय्यर ही आडनावेच आपली जात सांगतात, ती वेगळी सांगावी लागत नाही. जात न सांगता वावरण्याची ही सोय सर्वांना नाही. आमच्या मुलाला वसतिगृहात पहिल्याच दिवशी पूर्ण नाव विचारतात आणि ते का विचारतात हे त्याला ठाऊक असते.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, तेव्हा पंतप्रधानांनी ज्या नऊ जणांना आवाहन केले त्यांत या मालिकेचा चमूही होता. स्वच्छतेचा संदेश गोकुळधामाने दिला. मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाडू हाती घेणाऱ्याचे बिऱ्हाड त्या इमारतीच्या नित्याच्या कुटुंबांत नाही.

अशा प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा एक नियम असतो. अडचण येते, घोटाळा होतो, तो निस्तरतो आणि सर्वजण पूर्वी होते तेथेच परत येतात. जेठालाल पुन्हा संकटात सापडायला मोकळा होतो, पोपटलाल पुन्हा अविवाहित राहतो. काहीही बदलत नाही, यावरच तो विनोद उभा असतो. ज्यांचे बरे चालले आहे त्यांना हे 'न बदलणे' सुखाचे वाटते. ज्यांची परिस्थिती बदलायलाच हवी, त्यांना ते काही काळाने टोचू लागते. मावशी आणि तो तरुण यांच्या मतांतले अंतर मला येथे दिसते.

आपल्याकडे विनोदाची दुसरी परंपराही आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक त्याचे ढोंग प्रेक्षकांपुढे उघडे पाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. नाटक संपते तेव्हा नवराबायको शिकायला जाण्याचे ठरवतात. म्हणजे तेथे हसून झाल्यावर माणसे होती तेथेच राहत नाहीत. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हेच हसू गावोगाव नेले.

मावशीच्या हसण्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. सोंगणीने थकलेल्या देहाचा तो विसावा आहे. शिक्षकांना मात्र एवढेच सांगावेसे वाटते की करमणुकीत जात आम्ही शोधली नाही, माझ्या नातवाने त्या इमारतीत फक्त आपले घर शोधले. त्याला ते सापडले नाही, तेव्हा 'तेथे आपण नसतोच' असे त्याने मानू नये. ते घर आपल्या लेखकांनी लिहिले पाहिजे. त्या घरातली माणसे रडतील तशी हसतीलही. आपल्या साहित्याने वेदना आणि विद्रोह पुष्कळ मांडला, आपले हसणे मांडायचे अजून बरेच बाकी आहे.

नातवाला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. तो रोज मालिका पाहतो, हसतो आणि अधूनमधून माझ्याकडे बघतो.