हिरवा चहा : गुण किती, बोलबाला किती?

गिरगावच्या फणसवाडीसारख्या वस्तीतून सणाला गावी येणारे चाकरमानी हल्ली हिरव्या चहाचे पाकीट आणतात. पोट साफ होते, चरबी झडते, असे सांगतात. त्यात तथ्य किती, हे गृहिणींनी पाहावे.

हिरवा चहा म्हणजे परसातला गवती चहा नव्हे. तो नेहमीच्या चहाच्याच झुडपाचा. खुडलेली पाने लगेच वाफवतात किंवा भाजतात. म्हणून ती काळी पडत नाहीत व त्यांतील कॅटेचिन द्रव्ये टिकतात. त्यांच्यामुळे आणि कॅफिनमुळे शरीरातील ज्वलन किंचित वाढते. मात्र २०१२ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा वजनातील घट नगण्य आढळली.

खरा फायदा साखर सुटल्याचा. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखरेचे ४० उष्मांक. पाच कपांचे २००. साखर सोडली तर साध्या चहानेही तेच साधते. पोट साफ राहण्यास भाकरी, पालेभाजी व भरपूर पाणी हवे.

जपायचे ते रक्ताला. जेवणाबरोबर घेतलेला कोणताही चहा धान्य-भाजीतील लोह पुरते अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा. भाजीवर लिंबू पिळावे. उपाशीपोटी हिरव्या चहाने काहींना मळमळते. त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊ नयेत.