जनुकवाहक मेदकण : रचनेची तत्त्वे

एखाद्या जनुकातील दोषामुळे उद्भवणारा रोग बरा करावयाचा, तर त्या जनुकाची निर्दोष प्रत पेशीत पोहोचविणे हा उपाय तत्त्वतः सरळ आहे. अडचण आहे ती पोहोचविण्याची. डीएनए व आरएनए यांचे रेणू लांबलचक असून त्यांतील फॉस्फेट गटांमुळे त्यांवर मोठा ऋणभार असतो. पेशीचे आवरण मेदमय असून त्याचा बाह्य पृष्ठभागही ऋणभारितच असतो. शिवाय रक्तातील विकरे उघड्या आरएनएचे त्वरित तुकडे करतात. म्हणून वाहकाची आवश्यकता निर्माण होते.

विषाणू हे निसर्गसिद्ध वाहक होत. परंतु शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखते. १९९९ साली अमेरिकेतील एका चाचणीत ॲडेनोविषाणूद्वारा जनुक टोचल्यानंतर चार दिवसांत अठरा वर्षांचा एक तरुण दगावला. विषाणूवाचून हे कार्य साधेल काय, हा प्रश्न त्यानंतर अधिकच निकडीचा झाला.

त्याचे पूर्वसाहित्य उपलब्ध होते. फॉस्फोलिपिडे पाण्यात मिसळली असता त्यांच्या बंद पुटिका आपोआप बनतात, हे ॲलेक बँगहॅम यांनी इंग्लंडमध्ये १९६०–७० या दशकात दाखविले होते. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर व त्यांचे सहकारी यांनी धनभारित शीर्ष आणि दोन मेदपुच्छे असलेले कृत्रिम लिपिड वापरून डीएनए पेशींत नेले. काचपात्रातील पेशींच्या बाबतीत ही रीत यशस्वी झाली. शरीरात मात्र कायमचा धनभार बाधक ठरतो. रक्तातील ऋणभारित प्रथिने कणांना चिकटतात आणि पेशींनाही इजा पोहोचते.

येथे रचनाकारापुढील खरा पेच स्पष्ट होतो. वाहकाने आपला भार मार्गात घट्ट धरावयास हवा आणि इष्टस्थळी सोडावयास हवा. ज्याचा भार परिस्थितीनुसार बदलतो असे लिपिड योजून हा पेच बऱ्याच अंशी सोडविण्यात आला. अशा लिपिडाच्या शीर्षस्थानी तृतीयक अमाइन असते. आम्लयुक्त द्रावणात ते धनभारित होऊन आरएनएला बांधून घेते. रक्ताचे पीएच मूल्य सुमारे ७.४ असल्याने तेथे ते जवळजवळ उदासीन राहते. पेशी हा कण गिळते तेव्हा तो एंडोसोम नावाच्या पुटिकेत अडकतो. ही पुटिका उत्तरोत्तर आम्ल होत जाते, तसतसे लिपिड पुन्हा धनभारित होऊन पुटिकेच्या भित्तीतील ऋणभारित लिपिडांशी जोडी जुळविते. त्यायोगे द्विस्तराची घडण बिघडते आणि आरएनए पेशीद्रवात मुक्त होतो.

अशा कणात सामान्यतः चार घटक असतात. भार बदलणाऱ्या लिपिडाखेरीज फॉस्फोलिपिड व कोलेस्टेरॉल कणाला स्थैर्य देतात, तर पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड कणांना परस्परांस चिकटू देत नाही. आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन विकारावरील पॅटिसिरान या औषधात, ज्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, या चारांचे रेणुप्रमाण अनुक्रमे ५०, १०, ३८.५ व १.५ असे आहे. २०२० च्या अखेरीस वापरात आलेल्या दोन कोविड लसींतही हीच चौकट आढळते. पुणे येथील जिनोव्हा कंपनीच्या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. तिच्यात मात्र आरएनए धनभारित मेदकणांच्या पृष्ठभागावर बसविलेला असतो.

तथापि सर्व अडथळे दूर झाले आहेत असे नव्हे. पेशीत शिरलेल्या आरएनएचा अत्यल्प अंशच एंडोसोमबाहेर पडतो. डीएनएला त्यापुढे केंद्रकाचे आवरणही ओलांडावे लागते; आरएनएचे कार्य पेशीद्रवातच होत असल्याने त्याचा मार्ग तुलनेने सुकर आहे. शिरेतून दिलेले कण रक्तातील अपोलिपोप्रथिन ई धारण करून मुख्यतः यकृतात जातात. यकृताच्या रोगांत हे इष्टच ठरते. २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे, यकृतातील एका विकराच्या अभावाने जन्मतः आजारी असलेल्या बालकावर, केवळ त्याच्यासाठी घडविलेले जनुकदुरुस्तीचे साधन अशाच मेदकणांतून देऊन उपचार करण्यात आले. विषाणूवाहकाच्या बाबतीत मात्रा पुन्हा देणे सहसा अशक्यप्राय असते; येथे ती टप्प्याटप्प्याने वाढविता आली. स्नायू, फुप्फुस अथवा मेंदू यांच्यापर्यंत तितक्याच खात्रीने पोहोचणारे लिपिड घडविणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे आजचे प्रमुख कार्य होय.