स्टेशनपर्यंतची फेरी आणि बॅटरीची उपासमार

वसई-विरार परिसरातील असंख्य दुचाकींचा दिवस रेल्वे स्थानकाबाहेरच उभ्याउभ्या जातो. सकाळी बोळींज, मनवेलपाडा किंवा चंदनसार येथून निघालेली गाडी दहा-पंधरा मिनिटांत विरार स्थानकाजवळच्या वाहनतळात पोहोचते आणि मालक चर्चगेट लोकलमध्ये शिरतो. बारा तासांनी तो परततो, चावी फिरवतो, बटण दाबतो आणि इंजिनाच्या आवाजाऐवजी केवळ ‘टक्‌ टक्‌’ ऐकू येते. बॅटरी उतरलेली असते. ‘गाडी तर रोज चालते, मग बॅटरी उतरली कशी?’ हा प्रश्न नालासोपाऱ्यापासून नायगावपर्यंतच्या गॅरेजमध्ये नित्य विचारला जातो. त्याचे उत्तर याच दहा-पंधरा मिनिटांत दडलेले आहे.

बहुसंख्य दुचाकींत आजही शिसे-आम्ल प्रकारचीच बॅटरी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीचे मूळ तत्त्व त्यात कायम आहे. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा बारीक थर जमतो. चार्जिंग होताना तो पुन्हा विरघळतो. मात्र बॅटरी दीर्घकाळ अर्धपोटी राहिली, तर या बारीक थराचे टणक स्फटिक बनतात आणि मग चार्जिंगनेही ते हटत नाहीत. यालाच ‘सल्फेशन’ म्हणतात. दुचाकीची बॅटरी झिजून जाण्यापेक्षा अशा उपासमारीने अधिक मरते.

स्टार्टरचे बटण दाबताना मोठा प्रवाह लागतो खरा, पण तो क्षण-दोन क्षणच. त्याची भरपाई लवकर होते. खरी अडचण पुढे आहे. शिसे-आम्ल बॅटरी आपला शेवटचा पाचवा हिस्सा अतिशय सावकाश भरून घेते. त्याला काही तास लागतात. स्टेशनपर्यंतच्या फेरीत ती वेळ कधीच येत नाही. शिवाय या फेरीचा बराचसा भाग कोंडीत, इंजिन मंद ठेवून जातो. त्या वेळी वीजनिर्मिती अल्प असते आणि ब्रेकचा दिवा, इंडिकेटर व हॉर्न मात्र चालूच असतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत बंद करता येत नाही. ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो आणि अनेक नव्या गाड्यांत हा भार बॅटरीच्याच जोडणीवर पडतो.

गाडी उभी असतानाही थोडी वीज जातच असते. चोरीच्या भीतीने बसवलेला अलार्म किंवा जीपीएस यंत्र २० मिलिअँपिअर घेत असेल, तर चोवीस तासांत जवळजवळ अर्धा अँपिअर-तास खर्च होतो. शंभर सीसीच्या साध्या गाडीची बॅटरी ३ ते ४ अँपिअर-तासांचीच असते. म्हणजे आठवडाभर गावी गेलेल्या मालकाची गाडी परतल्यावर गप्प बसली, तर त्यात नवल नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल सेवा थांबली आणि ती सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत पुन्हा खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ रोजी. स्टेशनच्या फेरीसाठीच घेतलेल्या गाड्यांना या काळात कामच उरले नव्हते. अशा वेळी अनेक जण रोज पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात. हा उपाय अपायकारक आहे. मंद इंजिनावर बॅटरीला फारसे काही मिळत नाही, उलट स्टार्टरचा खर्च मात्र रोज होतो. महिनाभर गाडी काढायची नसेल, तर बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून ठेवणे शहाणपणाचे.

उतरलेली बॅटरी पुन्हा उभी राहील की नाही, हे साध्या मल्टिमीटरने बरेचसे कळते. गाडी काही तास बंद ठेवून दाब मोजावा. १२.६ व्होल्ट वा अधिक असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. १२ च्या खाली गेल्यास ती उतरली असे समजावे. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ वरच अडकत असेल, तर सहापैकी एक कप्पा निकामी झाला आहे, कारण प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. अशा बॅटरीवर पैसे घालवू नयेत. इंजिन चालू करून रेस वाढवल्यावर दाब १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवा. तो तसा वाढत नसेल, तर दोष बॅटरीत नसून रेग्युलेटरमध्ये किंवा वीजनिर्मितीच्या कॉइलमध्ये आहे. ही तपासणी न करता नवी बॅटरी बसवली जाते आणि महिन्याभरात तीही उतरते. मग दुकानदाराला दोष दिला जातो.

चार्जिंगचा नियम एकच: सावकाश. प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका असावा. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअर पुरे आणि पूर्ण उतरलेली असेल तर बारा ते चौदा तास द्यावे लागतात. मोटारीच्या बॅटरीसाठीच्या मोठ्या चार्जरवर ‘तासाभरात करून देतो’ असे सांगितले जाते, तेव्हा लहान बॅटरी तापते, पाणी उकळते आणि पट्ट्या वाकतात. बॅटरी काढताना ऋण वायर आधी सोडावी व बसवताना ती शेवटी जोडावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो. तेव्हा बंद खोली आणि देवघरातील निरांजन या दोहोंपासून बॅटरी दूर हवी. चार्ज झाल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा दाब मोजावा. तो टिकला असेल, तर बॅटरी वाचली.

वाहनतळात रात्री अकरा वाजता अर्थातच चार्जर नसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन चालू होतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतांशी इंधन-इंजेक्शन आहे. पंपालाच वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्क्याचा बहुधा उपयोग होत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला धक्का देणे तर निव्वळ व्यायाम आहे. दुसऱ्या दुचाकीच्या बॅटरीवरून वायर जोडता येते: आधी धन टोकाला धन, मग चांगल्या बॅटरीचे ऋण टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला. मदतीला मोटार असेल तर तिचे इंजिन बंदच ठेवावे.

पाणी घालण्याच्या जुन्या बॅटरीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी आणि भर केवळ डिस्टिल्ड वॉटरची घालावी. बाष्पीभवनाने पाणी जाते, आम्ल नाही. म्हणून वरून आम्ल ओतणे म्हणजे पट्ट्यांचा नाशच. नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातील क्षारही तितकेच घातक. सीलबंद बॅटरी उघडण्याच्या फंदात पडूच नये.

अर्नाळा, राजोडी, भुईगाव या किनारपट्टीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि चांगली बॅटरीही उतरल्यासारखी वागते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने टोके घासावीत, कोरडी करावीत आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे ठप्प झाली होती. अशा पुरात बुडालेल्या गाडीचे बटण कुतूहलानेही दाबू नये. प्रथम बॅटरी सोडवावी, जोडण्या गोड्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात आणि मगच गाडी मेकॅनिककडे न्यावी.

शेवटी नवी घेण्याची वेळ आलीच, तर वेष्टनापेक्षा निर्मितीचा महिना पाहावा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली भरलेली बॅटरी तिथेच सल्फेशनला बळी पडलेली असू शकते. कोरड्या स्वरूपात येणारी बॅटरी आम्ल भरून दहा मिनिटांत गाडीवर चढवली जाते. वास्तविक तिला आधी चार्जरवरचे पहिले पूर्ण चार्जिंग मिळायला हवे, नाहीतर ती पूर्ण क्षमता गाठत नाही. ग्राहकाने त्यासाठी एक दिवस थांबण्याची तयारी दाखवावी. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकली, की तिच्यातील आम्ल बहुधा गटारात जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत विक्रेता जुन्या बॅटरीचे मूल्य नवीच्या किमतीतून वजा करतो. ते बिलावर लिहून घ्यावे.